खेड्यापाड्यांच्या धंद्यासाठी लहान फोर बाय फोर : घ्यावी का, आणि घ्यायची तर कोणती?



आपल्यापैकी पुष्कळांचा धंदा तालुक्याच्या पेठेत बसून होत नाही. कोणी आठवडी बाजार करतो, कोणी वाड्या-पाड्यांवरच्या दुकानदारांना माल पोचवतो, कोणी सुतारकाम, वेल्डिंग किंवा पंप दुरुस्तीसाठी हत्यारांची पेटी घेऊन शेतावर जातो. अशा बांधवांच्या तोंडी हल्ली एक प्रश्न वारंवार येतो. चारही चाकांना जोर देणारी, म्हणजे फोर बाय फोर, एखादी लहान गाडी घ्यावी का? घेतली तर ती खिशाला परवडेल का?

प्रश्न रास्त आहे. पण बहुतेक वेळा त्याचे उत्तर शोरूममध्ये शोधले जाते, आणि तिथे गाडी दिसते, आपला रस्ता दिसत नाही. कापड घेताना आपण आधी विचारतो की शर्ट शिवायचा आहे की गादीची खोळ? मग तागा उलगडतो. गाडीचेही तसेच आहे. आधी काम, मग रस्ता, मग भांडवल आणि शेवटी गाडी, या क्रमाने विचार केला तर नुकसान होत नाही. या लेखात त्याच क्रमाने जाऊ.

चार चाकांना जोर म्हणजे नेमके काय?

साध्या गाडीत इंजिनाचा जोर दोनच चाकांवर जातो. आजच्या बहुतेक लहान मोटारींत तो पुढच्या चाकांवर असतो. बोलेरो, ईको यांसारख्या गाड्यांत मागच्या चाकांवर. माल वाहणाऱ्यासाठी हा फरक फार महत्त्वाचा आहे. मागे कापडाची गाठोडी भरली की गाडीचे वजन मागे सरकते आणि पुढचा भाग हलका होतो. त्यात ओला चढ लागला की पुढच्या चाकांवर चालणारी मोटार जागेवरच चाके फिरवू लागते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मात्र तोच माल चाकांवर बसून पकड वाढवतो. पुष्कळांची अडचण एवढ्यानेच सुटते. त्यांना फोर बाय फोरची नव्हे, मागच्या चाकांवर चालणाऱ्या, पोटाखाली उंच असलेल्या गाडीची गरज असते.

फोर बाय फोरमध्ये गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते. तिला ट्रान्सफर केस म्हणतात. ती पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही अॅक्सलना जोर वाटून देते. जिप्सी, जिम्नी, थार या गाड्यांत चालकाने दांडा टाकल्यावरच पुढची चाके कामाला लागतात. एरवी गाडी मागच्या चाकांवर चालते. याच पेटीत ‘लो’ म्हणजे हळू गतीचा वेगळा गिअर असतो. चालण्याच्या वेगाने मोठा जोर काढणे, हे त्याचे काम. खडकाळ चढावर किंवा घसरड्या उतारावर ब्रेक न दाबता इंजिनाच्या बळावर गाडी सावकाश उतरवणे, ही करामत ‘लो’ची आहे.

म्हणून गाडी पाहायला गेलात की पहिला सवाल असा करा: ‘लो’ गिअर आहे का? काही शहरी गाड्यांवर चार चाकांच्या जोराचे चिन्ह असते, पण त्यांत ‘लो’ नसतो. मारुतीच्या ग्रँड व्हिटाराची चार चाकांची आवृत्ती किंवा जुनी रेनॉ डस्टर ही त्याची उदाहरणे. ओल्या डांबरावर, थोड्या चिखलात त्या चांगल्या चालतात. भरलेली गाडी घेऊन पाड्यावरच्या दगडी चढाला जाणे हे त्यांचे काम नव्हे.

एक मर्यादा ध्यानात असू द्या. प्रत्येक अॅक्सलच्या मध्ये डिफरन्शियल असते आणि ते साधे असेल तर जोर सोप्या वाटेने पळतो. एक चाक हवेत किंवा चिकलात मोकळे फिरू लागले की त्याच्या जोडीचे चाक स्वस्थ बसते. म्हणजे फोर बाय फोर गाडीही रुतू शकते, आणि रुतली की दोन चाकांच्या गाडीपेक्षा आणखी आत जाऊन रुतते. नव्या जिम्नीत मोकळे फिरणारे चाक ब्रेकने आपोआप धरले जाते आणि जोर दुसऱ्या चाकाकडे वळतो. जुन्या जिप्सीत ही सोय नाही. तिथे चालकाची अक्कल हीच सोय.

रस्त्याची माती ओळखा

महाराष्ट्राचा चिखल सगळीकडे एक नाही. कोकणात जांभ्या दगडाची तांबडी माती आहे. पावसात तिचा वरचा थर साबणासारखा होतो, पण खाली टणक जागा लागते. तिथे चार चाकांचा जोर आणि बरे टायर असले की गाडी निघते. शिवाय कोकणातल्या वाडीत जाणारी वाट अरुंद, दोन्ही बाजूंना दगडी गडगा. तिथे गाडीची रुंदी मोलाची ठरते. जिप्सीची रुंदी १,५४० मिलिमीटर, जिम्नीची १,६४५, तर थारची १,८०० च्या वर. कागदावर हा फरक वीतभर वाटतो. समोरून रिक्षा आली की त्याची किंमत कळते.

विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती निराळी. ती पाणी पिऊन फुगते, चिकटते आणि टायरच्या खाचा भरून टाकते. खाचा भरल्या की टायर गुळगुळीत लाटण्यासारखा होतो, आणि मग चारच काय, आठ चाकांना जोर दिला तरी उपयोग नाही. या मातीत ट्रॅक्टरच्या जाण्यायेण्याने खोल चाकोऱ्या पडतात. गाडीची चाके चाकोरीत आणि पोट मधल्या वरंब्यावर, अशी अवस्था होते. इथे जोरापेक्षा पोटाखालची उंची कामाची. जिप्सी आणि जिम्नी दोघींची ही उंची २१० मिलिमीटर आहे, थारची २२६.

सातपुड्यात, म्हणजे अक्कलकुवा, धडगाव, तोरणमाळकडे किंवा मेळघाटात, प्रश्न चिखलापेक्षा दगडाचा आणि चढाचा आहे. तिथे ‘लो’ गिअर आणि हलकी गाडी ही जोडी उपयोगी पडते. जड गाडीला चढायला जोर जास्त लागतो आणि उतरताना तिला आवरायलाही जास्त लागते.

आणि डांबरी घाट? कुंभार्ली, आंबेनळी, आंबोली यांसारखे घाट पावसाळ्यातही साध्या गाड्या रोज चढतात. फक्त घाट लागतो म्हणून फोर बाय फोर घेणे, हा पैशाचा अपव्यय आहे.

आधी दिवस मोजा

आता हिशेबाकडे येऊ. एक वही घ्या आणि वर्षातले किती दिवस साधी गाडी तुम्हाला पोचवत नाही, ते लिहा. अंदाजाने नव्हे, मागच्या पावसाळ्याची आठवण करून, बाजाराच्या वारानुसार.

समजा असे ३० दिवस निघाले, आणि खराब रस्ता शेवटचे तीन किलोमीटरच आहे. डांबरी सडकेवर गाडी उभी करून गावातली जीप किंवा ट्रॅक्टर भाड्याने घेतला आणि फेरीला ६०० रुपये पडले, तर वर्षाचा खर्च १८,००० रुपये. साध्या गाडीपेक्षा फोर बाय फोरला तीन लाख रुपये जास्त पडणार असतील, तर ते भाड्यातून वसूल व्हायला सोळा-सतरा वर्षे लागतील. अशा माणसाने फोर बाय फोरचा नाद सोडावा.

पण दुसरी बाजूही पाहा. खेड्यातल्या कापडाच्या विक्रीचा मोठा भाग नेमका पावसात येतो. जूनमध्ये शाळा उघडतात, तेव्हा गणवेश. पुढे पोळा, आणि कोकणात गौरी-गणपती. भाड्याचे वाहन मिळत नसेल आणि त्या ३० दिवसांपैकी प्रत्येक दिवशी ३० हजारांची विक्री बुडत असेल, तर १२ टक्के सुटीने दिवसाला ३,६०० आणि वर्षाला १ लाख ८ हजारांचे नुकसान झाले. इथे तीन लाखांची जादा रक्कम तीन वर्षांच्या आत भरून निघते. दोघांचा रस्ता एकच, दिवसही तेवढेच, तरी उत्तर वेगळे. म्हणून शेजारच्या व्यापाऱ्याने घेतली, हे कारण गाडी घेण्यास पुरेसे नाही.

बाजारात काय मिळते?

पहिली, मारुती जिप्सी. ही डिसेंबर १९८५ मध्ये आली. सुझुकीच्या एसजे ४१० या गाडीची ती लांब चेसिसची आवृत्ती. सुरुवातीचे इंजिन ९७० सीसीचे. १९९६ मध्ये १.३ लिटरचे इंजिन घेऊन जिप्सी किंग आली; २००० मध्ये कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शनचे इंजिन बसले. नवे सुरक्षा नियम लागू होण्याच्या सुमारास, २०१८ अखेर, सामान्य ग्राहकांसाठी तिचे बुकिंग बंद झाले. म्हणजे आता मिळेल ती जुनीच. वजन एक टनाच्या आसपास, पुढे-मागे सरळ अॅक्सल आणि पाटे, आत वायरिंगचे जंजाळ नाही. तालुक्याचा मिस्त्री ती रस्त्यावर उघडून पुन्हा बसवतो. सैन्यानेही तिला अर्ध्या टनाच्या वर्गात वर्षानुवर्षे वापरले. उणिवा म्हणजे पाट्यांमुळे पाठीला बसणारे धक्के, लिटरला नऊ-दहा किलोमीटरचीच चाल, आणि एअरबॅग नाहीत. फक्त पेट्रोलवर चालते.

दुसरी, मारुती जिम्नी. जपानमध्ये १९७० साली ३६० सीसीहूनही लहान इंजिनावर जे घराणे सुरू झाले, त्याचीच ही पाच दारांची आवृत्ती. भारतात ती जून २०२३ मध्ये विक्रीला आली. सुरुवातीची शोरूम किंमत १२ लाख ७४ हजार होती. इंजिन १,४६२ सीसी पेट्रोल, वजन सुमारे १,२०० किलो, लांबी ३,९८५ मिलिमीटर. अॅक्सल सरळच, पण पाट्यांऐवजी गुंडाळी स्प्रिंग. सर्व प्रकारांत ‘लो’ गिअर आणि सहा एअरबॅग. कंपनीचा आकडा लिटरला १६.९४ किलोमीटर, खेड्याच्या रस्त्यावर भरलेल्या गाडीला १२-१३ धरून चाला. देशात तिची विक्री बेताची राहिली, पण भारतात बनलेली हीच पाच दारांची जिम्नी जानेवारी २०२५ मध्ये जपानमध्ये जाहीर झाली, तेव्हा चार-पाच दिवसांत सुमारे ५० हजार मागण्या आल्या आणि कंपनीला नोंदणी थांबवावी लागली. गाडी हलकी नाही ठरत, गरज असणारे गिऱ्हाईक थोडे, एवढाच याचा अर्थ. व्यापाऱ्याने मात्र एक पाहावे. माणसे धरून तिने वाहायचे वजन साडेतीनशे किलोच्या आसपास आहे. दोन माणसे बसली की दोनशे किलो माल उरतो, आणि मागची सीट पाडल्याशिवाय गाठोडी मावत नाहीत. सीटही चारच.

तिसरी, महिंद्रा थार. महिंद्रा कंपनी १९४५ मध्ये ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावाने सुरू झाली होती. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव बदलले. विलीज जीप मुंबईत जोडण्यापासून या घराण्याची वाट सुरू झाली. थार नावाची गाडी २०१० मध्ये आली, सध्याची घडण ऑक्टोबर २०२० ची. डिझेल मिळते, जोर भरपूर, उंची जास्त. पण ती जिम्नीहून कितीतरी जड आणि रुंद. तीन दारांच्या थारमध्ये मागची सीट उघडी असताना सामानाला जागा नावालाच. आणखी एक गफलत टाळा. जानेवारी २०२३ पासून थारचा मागच्या चाकांवर चालणारा स्वस्त प्रकारही विकला जातो. दिसायला अगदी तीच, पण फोर बाय फोर नव्हे. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या पाच दारांच्या थार रॉक्समध्येही चार चाकांचा जोर डिझेललाच मिळतो. जुनी थार घेताना नुसत्या रूपावर जाऊ नका. गिअरच्या शेजारी दुसरा दांडा आहे का, ते हात लावून पाहा.

चौथी, महिंद्रा बोलेरो कॅम्पर. ही ‘लहान’ म्हणता येणार नाही, पण कारागीर आणि माल नेणाऱ्यांनी तिचा विचार जरूर करावा. पुढे दोन ओळी सीट, मागे उघडा हौदा, सुमारे एक टन माल. ती फोर बाय फोरमध्येही मिळते. चैन नाही, पण काम होते.

कर आणि नोंदणी : इथे खरी किफायत

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. चार मीटरच्या आतली गाडी पेट्रोलवर १,२०० सीसीपर्यंत किंवा डिझेलवर १,५०० सीसीपर्यंत असेल तर १८ टक्के; त्यावर गेली की ४० टक्के. जिम्नी लांबीने बसते, पण १,४६२ सीसीच्या पेट्रोल इंजिनामुळे ४० टक्क्यांत जाते. पूर्वी सेस धरून ४५ टक्के होते, म्हणजे थोडे उतरले. थारचे १.५ लिटर डिझेल, मागच्या चाकांवर चालणारे, १८ टक्क्यांत येते, तिचेच २.२ लिटरचे फोर बाय फोर ४० टक्क्यांत. याचा अर्थ, फोर बाय फोर घेणारा चार चाकांच्या जोराबरोबर जादा कराचेही पैसे मोजतो. दिवस मोजा म्हणून जे वर सांगितले, त्याला हेही एक कारण.

दुसरी बाब. व्यापाऱ्याने स्वतःच्या वापरासाठी घेतलेल्या प्रवासी मोटारीच्या जीएसटीचे क्रेडिट मिळत नाही. माल वाहतुकीचे वाहन म्हणून नोंद झालेल्या गाडीचे मिळू शकते. मालवाहू गाड्यांचा दरही त्याच तारखेपासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ज्यांची नियमित जीएसटी नोंदणी आहे, त्यांना हौद्याच्या गाडीत ही मोठी सवलत आहे. कंपोझिशन योजनेत असलेल्यांना ती नाही. बिल करण्यापूर्वी आपल्या कर सल्लागाराला विचारून घ्या. ‘मालगाडीसाठी वेगळे लायसन लागेल’ ही भीती मात्र बाळगू नका. हलक्या मोटारीच्या लायसनवर ७,५०० किलोंच्या आतले मालवाहू वाहन चालवता येते, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिक्कामोर्तब केले आहे.

तिसरी बाब. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या खासगी गाडीला एकरकमी मोटार वाहन कर पेट्रोलवर १२ टक्के आणि डिझेलवर १४ टक्के आहे. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर तो २० टक्के होतो. म्हणून नोंदणी कोणाच्या नावे करायची, हे आधी ठरवा. खासगी नोंदणीच्या गाडीत रोज धंद्याचा माल वाहिला आणि अपघात झाला, तर विम्याच्या दाव्यात वाद उभा राहू शकतो, हेही ध्यानात ठेवा.

भांडवलाचा हिशेब

आपल्या लोकांत व्याजाच्या कर्जापासून दूर राहणारे पुष्कळ आहेत. ते रोखीने गाडी घेतात. त्यामुळे गाडीची पूर्ण रक्कम एका दिवसात दुकानातून बाहेर जाते. गाडी महाग की स्वस्त, हे त्यांनी तेवढ्यावरून तोलले पाहिजे.

समजा नवी गाडी रस्त्यावर यायला १५ लाख लागतात आणि चांगली जुनी जिप्सी डागडुजीसह ५ लाखांत बसते. फरक १० लाखांचा. हे १० लाख दुकानात राहिले, वर्षातून तीनदा माल फिरला आणि सगळा खर्च जाता ५ टक्के सुटले, तर दीड लाख रुपये झाले. आता जुन्या गाडीचे नुकसान मांडा. महिन्याला १,५०० किलोमीटर चालणाऱ्याला, पेट्रोल सोयीसाठी १०० रुपये लिटर धरले, तर लिटरला १० किलोमीटरने १५,००० रुपये आणि १३ किलोमीटरने सुमारे ११,५०० रुपये लागतात. वर्षाला ४२ हजारांचा फरक. दुरुस्तीला ६० हजार जादा धरा. एकूण एक लाख दोन हजार. तरी जुनी गाडी सुमारे ४८ हजारांनी पुढे राहते. महिन्याला ४०० किलोमीटरच चालणाऱ्याला इंधनातला फरक महिन्याला ९०० रुपयेच पडतो. त्याच्यासाठी जुन्या गाडीचे पारडे आणखी जड.

पण पैसा हाच एक काटा नाही. त्याच गाडीतून बायको-मुले प्रवास करणार असतील, रात्री महामार्गावर जायचे असेल, तर सहा एअरबॅग आणि नवे ब्रेक यांची किंमत वहीत मांडता येत नाही. घर आणि धंदा यांना मिळून एकच गाडी असेल तर ऐपत असल्यास नवीकडे वळावे. घरी दुसरी गाडी असेल आणि हिचे काम पाड्यापर्यंत जाऊन येणे एवढेच असेल, तर जुनी जिप्सी पुरे.

जुनी गाडी पारखताना

१) गाडी रॅम्पवर चढवून चेसिस खालून पाहा. रंग नवा आणि खाली फुगवटे असतील तर आत गंज आहे. कोकण किनाऱ्यावर चाललेली गाडी विशेष बारकाईने पाहा. खारी हवा लोखंड खाते.

२) फोर बाय फोरचा दांडा कच्च्या रस्त्यावर प्रत्यक्ष टाकून पाहा, ‘हाय’ आणि ‘लो’ दोन्ही. वर्षानुवर्षे न वापरलेला दांडा बसत नाही किंवा सुटून येतो. पुढच्या अॅक्सलमधून आवाज, चाकाच्या आतल्या बाजूने तेलाची गळती, हे मोठ्या खर्चाचे निरोप आहेत.

३) पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि सीलना ते मानवत नाही. गाडी घेतली की इंधनाच्या सगळ्या नळ्या बदलून घ्या. खर्च थोडा, आगीची जोखीम मोठी.

४) दिल्लीकडून आलेल्या आणि सैन्याच्या लिलावातल्या गाड्या स्वस्त दिसतात. परराज्यातील गाडीला एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा कर पुन्हा भरावा लागतो. लिलावातल्या गाडीची नोंदणी तुमच्या आरटीओत होईल का, हे पैसे देण्यापूर्वी लेखी विचारा. कागदाशिवाय गाडी म्हणजे भंगार.

५) खासगी नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी, नूतनीकरणाचे शुल्क आणि पर्यावरण कर लागतो; ही रक्कम गेल्या काही वर्षांत बरीच वाढली आहे. सौदा ठरवताना ती किमतीतून वजा करा.

गाडी घेतल्यावर

टायर हाच निम्मा फोर बाय फोर. बहुतेकांना ऑल टेरेन टायर योग्य. खास चिखलाचे टायर डांबरावर लवकर झिजतात, आवाज करतात आणि पेट्रोल खातात. काळ्या मातीत रोज जाणाऱ्यानेच ते घ्यावेत.

कोरड्या डांबरावर चार चाकांचा दांडा टाकू नका. वळणावर पुढची आणि मागची चाके सारखे अंतर कापत नाहीत, पण या गाड्यांत त्यांना जखडलेले असते. मग ताण गिअर-शाफ्टवर आणि टायरवर येतो. उलट खराब रस्ता सुरू होण्याआधी दांडा टाका, रुतल्यावर नव्हे. महिन्यातून एकदा कच्च्या वाटेवर थोडे अंतर तो वापरत राहा, म्हणजे आतले तेल फिरते. गाडीत जाड दोर, फावडे आणि हवा भरण्याचा पंप ठेवा. चिखलात अडकल्यास टायरची हवा थोडी कमी केली की पकड वाढते. सडकेवर आल्यावर ती पुन्हा भरायची.

आणि सर्वांत महत्त्वाचे. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबा. गुडघ्याएवढे वाहते पाणीही मोटारीला बाजूला लोटते, कारण पाणी गाडीला उचलते आणि चाकांची पकडच जाते. चार चाकांचा जोर तिथे कामाचा नाही. एका बाजाराची विक्री पुढच्या आठवड्यात भरून निघते.

सारांश

तुमचा रस्ता डांबरी आणि घाटाचा असेल तर फोर बाय फोर नको. माल भरून थोडी कच्ची वाट असेल तर मागच्या चाकांवर चालणारी उंच गाडी पाहा. खराब दिवस मोजके आणि भाड्याचे वाहन मिळते, तर भाडे द्या. पाड्यावर खरोखर वर्षभर जाणे, चालणे कमी आणि भांडवल मोजके, तर पारखलेली जुनी जिप्सी. तेच काम, पण कुटुंबही त्याच गाडीत, तर जिम्नी. वजन अर्ध्या टनावर असेल तर हौद्याची कॅम्पर. डिझेलच हवे आणि रस्ता रुंद असेल तर थार, पण तिचा दांडा पाहून.

गाडी गावात उभी राहिली की चार लोक जमतात, कौतुक करतात. ते कौतुक दोन दिवसांचे. पंधराव्या वर्षापर्यंत सोबत राहतो तो हिशेब. आपल्या दुकानाचे भांडवल मालात फिरत राहिले आणि माल वेळेवर गिऱ्हाइकाच्या दारी पोचला, तर तीच गाडी परवडली असे समजावे.